तुझ्या पिशवीतला माझा रिपोर्ट

आक्का, परवा तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझी धडधड सुरू झाली आणि सवयीने मी तुलाच शोधलं.

हातात आमटीचं पातेलं होतं. वाढता वाढता छातीतला एक ठोका गळला, पुढचा जोरात आपटला, आणि मग तीन-चार ठोके एकमेकांच्या पायात पाय घालत गेले. मी पातेलं खाली ठेवलं आणि सोसायटीच्या हॉलच्या दाराकडे पाहिलं. गेली अकरा वर्षं असं झालं की तू कुठून तरी हात पदराला पुसत यायचीस. दाराशी तुझा फोटो होता, हार घातलेला. कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. नीट पाहिलं तर तुझ्या खांद्यावर एक हात दिसतो, मनगटापर्यंतचाच. तो माझा. बाकीच्या मला कापून टाकलंय. बरं केलं फोटोवाल्याने.

पंगतीत कुणाला काही वाटलं नाही. 'सुनीलरावांचं चालू झालं' एवढं म्हणून लोकांनी बुंदी मागून घेतली. माझी बायको नीता आली, तिने 'परत?' असं विचारलं आणि पातेलं उचलून पुढच्या पानाकडे गेली. तिचंही बरोबर आहे. आपल्या घराण्यात हृदयाचं खातं माझ्याकडे आहे. कुणाकडे गुडघे, कुणाकडे साखर, तशी माझ्याकडे धडधड. आणि एका खात्याला दुसरा अधिकारी कशाला, असं बहुतेक तुला वाटलं असावं.

पहिल्यांदा झालं ते बेलापूरच्या आमच्या कार्यालयात. तपासणी पथक यायचं होतं आणि एक फाइल सापडत नव्हती. माझ्या छातीत असं काही उसळलं की मला वाटलं, संपलं. दोन बाकं जोडून मला आडवं केलं. शिपायाने लिंबूपाणी आणलं आणि ते मला द्यायचं की साहेबांना, या विचारात स्वतःच प्यायला. फाइल नंतर माझ्याच खुर्चीवर सापडली, म्हणजे मी तिच्यावरच बसलो होतो. पण तोवर मी दवाखान्यात होतो, ईसीजीच्या वायरी लावलेला, आणि तू गिऱ्हाइकांचे डबे तसेच टाकून कोपरखैरण्याहून रिक्षाने आली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही काळजी फार करता का? मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर दिलंस, "जल्मल्यापास्नं. पाळण्यात सुदिक पाळणा तुटंल म्हणून रडायचा."

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. मनावर ताण आला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्तात जे काही सोडायचं ते सोडतं आणि हृदय भरभर चालतं. त्यात एखादा ठोका वेळेआधीच पडतो, त्यानंतर जरा थांबा येतो, आणि त्या थांब्यात साचलेलं रक्त पुढचा ठोका जोरात ढकलतो. आपल्याला वाटतं ठोका चुकला. बहुतेक वेळा यात धोका नसतो. चहा कमी करा, झोप पुरी घ्या, श्वास सावकाश सोडा. एवढं सांगून त्यांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले. कधी चक्कर येऊन पडलात का? डोळ्यांसमोर अंधारी येते का? चालताना छाती भरून येते का? मी सगळ्याला नाही म्हणालो. मग ते म्हणाले, जा घरी.

यातलं पहिलं सगळं मी पाठ केलं. प्रश्न मात्र विसरलो. तुझ्या नणंदेच्या मुलीच्या हळदीत मी अख्ख्या खोलीला ठोके समजावून सांगितले, ताटावर बोटं वाजवून. नवरीच्या मावशीने लिहून घ्यायला वही मागितली. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. घरी जाताना म्हणालीस, "सुन्या, तुला आजार न्हाई. तुला ऐकणारी माणसं पायजेत."

मला राग आला होता. आठ दिवस फोन केला नव्हता. नवव्या दिवशी धडधडलं आणि केला.

तुझी रीत ठरलेली. समोर बसायचं, माझं मनगट घ्यायचं, दोन बोटं नाडीवर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. "साठ व्हस्तोवर गप बसायचं. बोललास तर पुन्ना पयल्यापास्नं." मी बोलायचोच. तू पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या बोटांना कणीक असायची, ती माझ्या मनगटावर वाळून बसायची. खरं तर तुला मोजता येत नव्हतं. पुष्कळदा तुझं घड्याळ बंद पडलेलं असायचं. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझे ठोके रांगेत यायचे आणि तू उठून पुन्हा पोळपाटाकडे जायचीस, बाजारातलं काही विसरून आल्यासारखी. अकरा वर्षं तू हे केलंस. माझ्या कुठल्याही औषधाने इतकं केलं नाही. याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही, हे आज लिहितोय, आणि तेही तुला ऐकू जाणार नाही अशा वेळी.

दोन वर्षांपूर्वी ते मशीन लावलं. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला छोटी पेटी, चोवीस तास. मी ते लावून तुझ्याकडे मुद्दाम आलो. शर्टाचं एक बटण उघडं ठेवून. दाजींनी विचारलं, "ह्यात गाणी लागत्यात का?" रिपोर्ट आला. तीन-चारशे ठोके वेळेआधीचे, सगळे निरुपद्रवी. डॉक्टरांनी खाली लिहून दिलं होतं, ताणामुळे. मी रिपोर्ट घेऊन घरोघर फिरलो.

तू म्हणालीस, "मला एक झेरॉक्स दे त्याची."

"कशाला?"

"असू दे की. भावाचा हाय."

मी कार्यालयात काढली, सरकारी मशीनवर, सरकारी कागदावर. मला वाटलं तू देवापुढे ठेवणार. डोळ्यांत पाणी आलं होतं, आक्का, प्रेमाने. इतका मी शहाणा.

आता मागे वळून बघतो तेव्हा दिसतं की तेव्हापासून तू बसून पोळ्या लाटायला लागली होतीस. आयुष्यभर उभ्याने लाटल्या. विचारलं तर म्हणालीस, ओटा उंच झालाय. ओटा कधी उंच होतो का, असं मी विचारलं नाही, मी हसलो. जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबून तू शेजारणीच्या तुळशीची चौकशी करायचीस. रोज. त्या तुळशीला काय होत होतं रोज? पदर नीट करायच्या निमित्ताने तुझा हात छातीपाशी जायचा आणि तिथेच राहायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि समोर बसून मी माझ्या ठोक्यांबद्दल बोलत होतो.

आणि मग ते दिवाळं गाव, खाडीकाठचं.

हे मी अजून नीताला सांगितलेलं नाही. या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी दाजींसाठी ओले बोंबील घ्यायला आपण दिवाळ्याला गेलो होतो. होड्या नुकत्या लागल्या होत्या. बायका टोपल्या मांडत होत्या. घासाघीस करता करता तू एकदम गप्प झालीस. पुढच्या कोळणीने तुझ्याकडे पाहिलं आणि एक टोपली पालथी करून तुला बसवलं.

"बाय, तोंड पांढरं फट परलंय तुजं. डाक्टरला दाखव गो."

"चढ व्हता ना," तू म्हणालीस.

खाडीच्या काठाला कसला आलाय चढ. कोळणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमच्या आक्काला भाव ऐकून चक्कर येते." ती हसली नाही.

तू पाणी प्यायलीस. मग, जणू वेळ जात नाही म्हणून विचारावं तसं विचारलंस, "सुन्या, तुझं कसं व्हतं रं, धडधडतं तवा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःहून विचारत होतीस. मी फुललो. समोर ताट नव्हतं म्हणून टोपलीच्या काठावर बोटं वाजवली. सगळं सांगितलं. तू मन लावून ऐकलंस. एकेक गोष्ट पारखून घेतल्यासारखी.

"आणि डोळ्याम्होरं अंधारी येती का?"

मला कधीच अंधारी आलेली नाही, आक्का. अकरा वर्षांत एकदाही नाही. पण तू इतकी ऐकत होतीस. अंधारी नाही म्हटलं असतं तर माझं दुखणं तिथल्या तिथे लहान झालं असतं. मी म्हणालो, "येते की. कधी कधी तर मिनिटभर काही दिसत नाही."

"आसं व्हय," तू म्हणालीस. आणि तुझा चेहरा सैल झाला. मला वाटलं, थंड पाण्याने बरं वाटलं. "मंजी टेन्शनचंच."

"टेन्शनचंच. दुसरं काय."

तू उठलीस, बोंबील घेतलेस, वर दोन जास्त मागून घेतलेस. परतीच्या रिक्षात तू गुणगुणत होतीस. त्यानंतर तू मोजून सत्तर दिवस जगलीस.

तू गेलीस त्या सकाळी डबे भरून झाले होते. दाजी सांगतात, तू ओट्याला हात टेकलास, "जरा थांब" म्हणालीस, कुणाला ते कळलं नाही, आणि खाली बसलीस. दाजींनी मार्केटात तीस वर्षं पोती वाहिली आहेत. त्यांनी तुला उचलून रिक्षापर्यंत नेलं, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि तरी ते सगळं व्यर्थ होतं. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ते एका तरुण डॉक्टरांना तुझी प्लास्टिकची पिशवी दाखवत होते, रिपोर्टांची.

"आधी काही त्रास होता?"

"व्हता की. तपासलंय सगळं. टेन्शनचं हाय म्हणून लिवून दिलंय."

डॉक्टरांनी कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. "हा रिपोर्ट यांचा नाही. यात पुरुष लिहिलंय. वय एकावन्न."

दाजींनी कागद परत हातात घेऊन पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही, तुलाही येत नव्हतं.

"सुनील कोण?"

मी मागे उभा होतो. मी हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा.

तू दाजींना सांगितलं होतंस की तू तपासून आलीस. ते मागे लागले होते ना, दाखव दाखव म्हणून. आणि तू माझा कागद त्यांच्यापुढे टाकलास. मी पहिले दोन दिवस तुझ्यावर नुसता चिडलो होतो. असं कुणी करतं का? दुसऱ्याच्या चष्म्याने वाचावं तसं दुसऱ्याच्या हृदयावर जगायचं? पण आपल्याकडे हेच चालत आलंय. आईच्या पाठीला लावायचं मलम अख्ख्या वाड्यावस्तीने लावलं. दाजींच्या गुडघ्याच्या गोळ्या माझ्या गुडघ्यांनी खाल्ल्या. एका रक्ताची माणसं, एका आईची लेकरं, मग रिपोर्ट वेगळा कशाला, असं तुला खरोखर वाटत असणार. तू फसवलं नाहीस. तुझी खात्री होती. आणि एक शंका जी उरली होती, ती तू दिवाळ्याला टोपलीवर बसून मला विचारलीस.

डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण ठोक्यांच्या तालातला दोष असावा, पुष्कळ दिवसांचा. मी त्यांना विचारलं, ताणानेही असंच होतं ना? ते म्हणाले, हो, होतं. बहुतेकांना ताणानेच होतं. पण आतून दोन्ही सारखंच लागतं, म्हणून तर तपासायचं असतं.

तेव्हापासून हे एकच वाक्य माझ्या डोक्यात आहे. आतून दोन्ही सारखंच लागतं.

तर परवा. पंगत उठल्यावर तुझ्या घरी आलो. दाजी खुर्चीत होते. तुझी दीपा बाकीची भांडी लावत होती. ऐरोलीच्या नोकरीतून तिने रजा घेतली आहे. अचानक ती ओट्याला टेकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, मला पण होतंय. तुमच्यासारखं."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून. धडधडतं, मग मधेच थांबल्यासारखं वाटतं. टेन्शनचंच असणार ना? एवढं सगळं झालंय."

अख्खं भाषण माझ्या जिभेवर आलं होतं, चहापासून श्वासापर्यंत. तोंड उघडलंही होतं.

"जिना चढताना डोळ्यांसमोर काळं येतं," ती म्हणाली. "पण ते तुम्हाला पण यायचं ना? आई सांगायची. मामाला पण येतं आणि मामा बघ कसा ठणठणीत."

म्हणजे तू ते घरात सांगितलं होतंस. माझं खोटं पुढे देऊन गेलीस, जपून, लेकीच्या उपयोगी पडेल म्हणून.

"मला नाही येत," मी म्हणालो.

"हो की. आईच म्हणाली."

"मला कधीच नाही आलं, दीपा. मी आईशी खोटं बोललो होतो."

नळ चालू होता. तिने तो बंद केला. खुर्चीतून दाजींचा आवाज आला. "कवा?"

"उन्हाळ्यात. दिवाळ्याला. ती विचारत होती, मी उगाच वाढवून सांगितलं."

"कशापायी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, तूच दिलेलं, हळदीच्या दिवशी. पण ते मला उच्चारता येईना. दाजी गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि म्हणाले, "हिला घेऊन जा. उद्याच." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. चहा समोर आणून ठेवतात, बोलत नाहीत. मला वाटतं त्यांनी ओरडावं. ते ओरडले तर मला पुन्हा धडधडेल आणि निदान ते तरी माझं ओळखीचं असेल.

काल गेलो. डॉक्टरीणबाईंनी दीपाला सगळं विचारलं. दीपा सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का, हृदयाने? दीपा माझ्याकडे बघू लागली. तुझ्याबद्दल असं एका ओळीत बोलायची वेळ आली नव्हती अजून. मी म्हणालो, हिची आई, माझी सख्खी बहीण, पंधरा दिवसांपूर्वी. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी दीपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुमचीही तपासणी पुन्हा करू. जुना रिपोर्ट आता जुना समजा."

मी विचारलं, "मुलीचं टेन्शनचंच असेल ना?"

"असू शकेल," त्या म्हणाल्या. "आई गेली की कुणालाही होईल. पण मी आत्ता तसं म्हणणार नाही."

किती सोपं होतं, आक्का. एवढंच म्हणायचं होतं. आत्ता तसं म्हणणार नाही. मी सरकारी माणूस, आयुष्यभर 'माहिती घेऊन कळवतो' यावर जगलो. नेमकं तुझ्या बाबतीत जागच्या जागी निर्णय देऊन मोकळा झालो.

दीपाला मशीन लावलंय. आज दुपारी काढायचं. रोजची कामं रोजच्यासारखी करा, असं बाईंनी सांगितलंय, मशीनला खरं ते दिसलं पाहिजे म्हणून. तर तिने सकाळी कणीक मळायला घेतली. तुझी जुनी गिऱ्हाइकं दोन आठवडे थांबली आहेत. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मामा, डॉक्टरांचं ऐकायचं की तुमचं?" मी रजा टाकून इथे बाहेरच्या खोलीत बसलोय, हे लिहीत. दाजींनी त्यांची खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली आहे, तिच्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

लाटण्याचा आवाज येतोय. तिची लाटायची लय तुझ्यापेक्षा वेगळी आहे, जरा घाईची. मी मघापासून तीच ऐकतोय. माझं स्वतःचं काय चाललंय ते कळत नाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याकडे लक्ष नाही.

तुझ्याशी अजून पुष्कळ बोलायचं आहे. माफी कशी मागतात ते मला येत नाही, आपल्यात कधी कुणी मागितली नाही, आपण आठ दिवस फोन करत नाही आणि नवव्या दिवशी करतो. आणि तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. मला विचारलंस तशी एखाद्या डॉक्टरला का नाही विचारलंस? त्याने तुला ताटावर बोटं वाजवून दाखवली नसती, पण

लाटणं थांबलंय. तवा बदलत असेल. पीठ घेत असेल.

"दीपा, काय गं?"

दाजींची पाठ ताठ झाली आहे. ती उत्तर द्यायला वेळ लावतेय.

राहू दे हे इथेच, आक्का. मी उठून बघतो.